गिऱ्हाईकच सावकार होतं तेव्हा...

अमेरिकेतली एक छोटी विमान कंपनी बुडाली. तिला हात देणारी कंपनी तीच, जिच्यासाठी ती राबत होती. मग पुढे काय झालं? कॉमर्सवाल्यांनी तर वाचाच, पण उद्या नोकरी किंवा धंदा करणार असलेल्या प्रत्येकाने वाचावी अशी ही गोष्ट आहे.

समजा, २०१२ चा मार्च महिना आहे. तुम्ही एमएस करायला मुंबईहून अमेरिकेत गेलाय. मोठ्या विमानातून डेट्रॉईटला उतरलात आणि आता युनिव्हर्सिटीच्या छोट्या गावी जाणारं दुसरं विमान पकडायचंय. तिकिटावर नाव डेल्टाचं. काउंटरवर बोर्ड डेल्टाचा. विमानाच्या शेपटीवर रंगही डेल्टाचाच. आत शिरता तर काय, जेमतेम ५० सीटचं विमान. उंच माणूस असेल तर मान वाकवून चालावं लागतं.

आणि तिकिटाच्या एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, एक ओळ असते. हे विमान पिनॅकल एअरलाइन्स चालवते.

कोण बाबा ही पिनॅकल? हिची कधी जाहिरात पाहिली नाही, हिचं तिकीट कुणी काढल्याचं ऐकलं नाही. तुम्ही ती ओळ सोडून देता आणि खिडकीजवळची सीट गाठता. सगळेच तसं करतात.

१ एप्रिल २०१२ ला याच पिनॅकलने न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी कोर्टात अर्ज केला. तारीख एप्रिल फूलची असली तरी मामला गमतीचा नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी तिची विमानं उडाली. तिसऱ्या दिवशीही उडाली. कारण एक कंपनी ७ कोटी ४३ लाख डॉलरचं कर्ज द्यायला तयार झाली होती. तेव्हाच्या दराने हे साधारण पावणेचारशे कोटी रुपये.

ती कंपनी कोण? डेल्टा.

म्हणजे बघा, पिनॅकलचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक डेल्टा आणि आता तिचा सावकारही डेल्टा. असं झालं की कुणाचं भलं होतं आणि कुणाच्या खिशाला कात्री लागते, हे समजून घ्यायचं असेल तर आधी हा धंदा चालतो कसा ते बघू.

माग आपला, सूत शेठचं

तुमच्यापैकी कुणी इचलकरंजीचं किंवा मालेगावचं असेल, तर त्याला हे पटकन कळेल. यंत्रमागाच्या धंद्यात अनेक जण मजुरीवर कापड विणून देतात. सूत व्यापारी देतो, कापड व्यापारी घेऊन जातो. मागवाल्याने विणायचं आणि ठरलेली मजुरी घ्यायची. कापड बाजारात कितीला गेलं याच्याशी त्याचा संबंध नाही. बाजार पडला तर फटका व्यापाऱ्याला. पण व्यापाऱ्याने सूत देणं बंद केलं, की माग बंद.

अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपन्या साधारण अशाच चालतात. विमान कुठून कुठे जाणार, किती वाजता जाणार, तिकीट कितीला विकणार, हे सगळं मोठी कंपनी ठरवते. तिकिटांचे पैसेही तिच्याच गल्ल्यात जातात. इंधनाचा खर्च सहसा तीच उचलते. छोट्या कंपनीचं काम एवढंच: पायलट, केबिन क्रू आणि मेकॅनिक ठेवायचे, विमान वेळेवर आणि सुरक्षित उडवायचं. त्याबद्दल दर उड्डाणामागे, दर तासामागे ठरलेले पैसे मिळतात. विमान भरलेलं गेलं काय आणि रिकामं गेलं काय, पैसे तेवढेच.

तेव्हा अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळपास निम्मी उड्डाणं अशा छोट्या कंपन्या करत होत्या. मोठ्या कंपन्यांना त्या हव्यात, कारण त्यांच्याकडे पगार कमी, खर्च कमी. छोट्या गावांतली माणसं गोळा करून मोठ्या विमानतळावर आणून सोडायची, तिथून पुढे ती मोठ्या विमानाने जाणार. एसटीच्या डेपोला गावागावातून माणसं आणून सोडणाऱ्या वडापसारखंच.

ऐकायला हा एकदम सेफ धंदा वाटतो ना? इंधन महागलं तर टेन्शन नाही, प्रवासी आले नाहीत तरी टेन्शन नाही.

गोम दुसरीकडे आहे. दर अनेक वर्षांसाठी ठरलेला असतो. दरम्यान पगार वाढतात, विमानं जुनी होतात, दुरुस्तीचा खर्च वाढतो. मिळणारा दर आणि होणारा खर्च यांत मुळात बोटभर अंतर. ते मिटलं की तोटा सुरू. आणि दर वाढवून मागायला जावं, तर समोरचा म्हणतो, तुझ्यापेक्षा स्वस्तात करणारे चार जण बाहेर उभे आहेत.

मोठं व्हायच्या नादात

पिनॅकल १९८५ साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव होतं एक्स्प्रेस एअरलाइन्स वन. ती नॉर्थवेस्ट या मोठ्या कंपनीसाठी उडायची. १९९७ मध्ये नॉर्थवेस्टने तिला विकतच घेतलं. २००२ मध्ये नाव पिनॅकल झालं आणि २००३ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे कागदावर स्वतंत्र, पण काम त्याच जुन्या मालकाचं. २००८ मध्ये नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली आणि पिनॅकलचं गिऱ्हाईक डेल्टा झालं.

एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहणं धोक्याचं आहे, हे पिनॅकलच्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. २००७ मध्ये त्यांनी कोलगन एअर ही कंपनी घेतली. तिच्याकडे कॉन्टिनेंटल, युनायटेड, यूएस एअरवेज अशी दुसरी गिऱ्हाइकं होती. विचार बरोबर होता.

पण १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोलगनचं विमान बफेलो शहराजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला १, असे ५० जण गेले. चौकशीत पायलटांचं प्रशिक्षण, थकवा आणि पगार, सगळंच उघड्यावर आलं. सहवैमानिक असलेली तरुणी ड्युटीसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर प्रवास करून आली होती. त्या विमानावर नाव कॉन्टिनेंटलचं होतं. ‘आपण नक्की कुणाच्या विमानात बसतो?’ हा प्रश्न अमेरिकेने त्या वेळी मोठ्याने विचारला. या अपघाताचा धागा शेवटी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

२०१० मध्ये पिनॅकलने आणखी एक मोठा घास घेतला. मेसाबा नावाची प्रादेशिक कंपनी ६ कोटी २० लाख डॉलरला विकत घेतली. विकणारं कोण? डेल्टा. आणि पैसे कुठून आणले? तेही डेल्टाने उधारीवरच दिले. म्हणजे दुकानदाराने माल विकला आणि त्याच मालासाठी कर्जही स्वतःच दिलं.

आता एका छताखाली तीन कंपन्या होत्या. तीन प्रकारचे नियम, अनेक जातीची विमानं, आणि ‘सीनियर कोण?’ यावर पायलटांमध्ये वाद. २०११ मध्ये तिन्ही कंपन्यांच्या पायलटांचा मिळून एकच करार झाला आणि त्यात पगार वाढले. ती वाढ पायलटांच्या हक्काचीच होती. पण डेल्टाकडून मिळणारा दर काही त्या हिशेबाने वाढला नाही.

त्यात ५० सीटच्या विमानांचे दिवस भरत आले होते. खनिज तेल बॅरलला शंभर डॉलरच्या आसपास गेलं, की एवढ्या थोड्या प्रवाशांत इंधनाचा खर्च वाटणं परवडत नाही. डेल्टाला आता ही विमानं कमी करून ७६ सीटची हवी होती. पिनॅकलकडे तर ५० सीटवाल्यांचाच ढीग.

बुडत्याला कर्ज कोण देतं?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. दिवाळखोरीचा अर्ज केलेल्या कंपनीला कुणी कर्ज का देईल? तुमच्या होस्टेलची मेस बुडाली. भाजीवाल्याची उधारी आहे, गॅसवाल्याची आहे, किराणावाल्याची आहे. मेसवाला तुमच्याकडे येऊन म्हणाला, ‘वीस हजार द्या, उद्यापासून पुन्हा सुरू करतो.’ द्याल? तुम्ही म्हणाल, काका, आधी त्या भाजीवाल्याचं बघा.

अमेरिकी कायद्याने यावर तोडगा काढलाय. तिथल्या दिवाळखोरी कायद्याचं अकरावं प्रकरण, म्हणजे प्रसिद्ध ‘चॅप्टर ११’, म्हणतं की कंपनीला लगेच टाळं ठोकू नका. अर्ज केला की जुन्या देणेकऱ्यांची वसुली थांबते. मॅनेजमेंट खुर्चीवरच राहतं. कोर्टाच्या नजरेखाली कंपनी धंदा चालू ठेवते आणि सावरायचा आराखडा बनवते.

पण धंदा चालू ठेवायला रोख लागते. पगार उद्या द्यायचाय, विमानाचा सुटा भाग आज आणायचाय. म्हणून कायदा नव्या सावकाराला आमिष दाखवतो: तू आत्ता पैसे दे, परतफेडीच्या रांगेत तुला पुढे उभं करतो. कोर्टाने मान्यता दिली की हा नवा सावकार बऱ्याच जुन्या देणेकऱ्यांच्या आधी आपले पैसे घेऊन जातो. याला म्हणतात डीआयपी फायनान्सिंग. मेसच्या भाषेत सांगायचं तर, तुमचे वीस हजार आधी, भाजीवाल्याची उधारी नंतर.

मग बँका, फंड अशी कर्जं आनंदाने देतात. पण पिनॅकलच्या वेळी पुढे आलं डेल्टा. का? डेल्टाला त्या कर्जाच्या व्याजाची एवढी पडली नव्हती. पिनॅकल एका रात्रीत बंद पडली असती, तर डेट्रॉईट, मिनियापोलिस, अटलांटा इथे रोज येणारे डेल्टाचेच प्रवासी अडकले असते. पिनॅकल चालवत असलेली बरीच विमानं तर मुळात डेल्टाचीच होती. हात दिला नसता, तर डेल्टाचं स्वतःचंच नुकसान होतं.

आता त्या ७ कोटी ४३ लाख डॉलरचा हिशेब बघा. खरी गंमत इथे आहे.

त्यातले ४ कोटी ४३ लाख डॉलर कुठे गेले? डेल्टाचं जुनं देणं फेडायला. म्हणजे मेसाबाच्या खरेदीच्या वेळची उधारी. उरले ३ कोटी. पिनॅकलच्या हातात धंदा चालवायला खरे आले ते हे ३ कोटी.

म्हणजे बातमीत आकडा साडेसात कोटींच्या घरातला, पण त्यातला निम्म्याहून जास्त पैसा डेल्टाच्या एका खिशातून निघून दुसऱ्या खिशात गेला. फरक फक्त एवढाच पडला, की जे देणं जुनं होतं ते आता नवं झालं आणि रांगेत पुढच्या नंबरवर जाऊन बसलं. यात बेकायदा काहीच नाही. कोर्टासमोर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. ‘अमुक कंपनीला एवढ्या कोटींचा आधार’ अशी बातमी यापुढे वाचाल, तेव्हा एक प्रश्न विचारा: यातला नवा पैसा किती?

पैसे देणाऱ्याचं ऐकावं लागतं

साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या मुलांना ‘उचल’ हा शब्द माहीत असतो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली, की कामाला त्याच्याकडेच जावं लागतं. दुसरीकडे जास्त दर मिळत असला तरी पाय मोकळा नसतो. अमेरिकेतल्या कंपनीची आणि ऊसतोड कामगाराची परिस्थिती एक नाही, हे उघड आहे. पण गाठ मात्र तीच: ज्याचं काम, त्याचंच कर्ज.

दिवाळखोरीत गेल्यावर पिनॅकलने डेल्टा सोडून बाकीच्यांची कामं गुंडाळली. युनायटेड आणि यूएस एअरवेजसाठीची उड्डाणं थांबली. सप्टेंबर २०१२ मध्ये कोलगनचं शेवटचं विमान उतरलं. तोट्याची कामं सोडणं हिशेबाने बरोबरच होतं. पण त्यामुळे झालं काय, तर २००७ मध्ये ‘दुसरं गिऱ्हाईक हवं’ म्हणून जे उभं केलं होतं ते पुसलं गेलं. उरलं एकच गिऱ्हाईक. तेच सावकार.

मग वेळ आली पगारांची. कंपनी पायलटांना म्हणाली, खर्च कमी करायचाय, पगार आणि सवलती सोडा. पायलटांची संघटना नाही म्हणाली. कंपनी कोर्टात गेली, आमचा पायलटांबरोबरचा करार मोडायची परवानगी द्या म्हणाली. चॅप्टर ११ मध्ये अशी परवानगी मागता येते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट गर्बर यांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पायलटांनी काहीतरी सोडायला हवं हे खरं, पण तुम्ही मागताय ते गरजेपेक्षा जास्त आहे. मोठ्या कंपन्यांच्या दिवाळखोरीत असा निकाल रोज रोज लागत नाही.

पायलट जिंकले? कोर्टात हो. पण कोर्ट परवानगी नाकारू शकतं, तिजोरीत पैसे टाकू शकत नाही. ३ कोटी डॉलर संपत चालले होते. कंपनी पुन्हा डेल्टाच्या दारात गेली. डेल्टाने तेव्हा ७६ सीटची ४० नवी विमानं मागवली होती. त्याने प्रस्ताव ठेवला: आणखी पैसे देतो, नवी विमानंही तुम्हालाच चालवायला देतो, पण पायलटांनी नवा, स्वस्त करार मान्य केला तर. ५० सीटची विमानं हळूहळू जातील, कंपनी लहान होईल, आणि शेवटी ती आमच्या मालकीची होईल.

क्षणभर त्या पायलटांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय सत्तावीस-अठ्ठावीस. ट्रेनिंगसाठी काढलेलं लोन डोक्यावर. कोर्टाने तुमच्या बाजूने निकाल दिलाय. आणि समोर मतपत्रिका: कमी पगार घ्या, नाहीतर कंपनी राहीलच याची खात्री नाही. सोबत एक गोड गोष्टही होती, पुढे डेल्टामध्ये जायला मुलाखतीची हमी. जानेवारी २०१३ मध्ये पायलटांनी मतदान केलं आणि करार मान्य केला.

१ मे २०१३ ला पिनॅकल दिवाळखोरीतून बाहेर आली. जुन्या शेअरहोल्डरांच्या हाती काही लागलं नाही. शंभर टक्के मालकी डेल्टाची. मुख्यालय मेम्फिस सोडून मिनियापोलिसला गेलं. त्याच वर्षी डेल्टाने मेम्फिसमधला आपला मोठा तळही बंद केला. त्या शहराने एका वर्षात दोन्ही गमावलं. १ ऑगस्ट २०१३ ला नावही बदललं: एंडेव्हर एअर. आजही ती उडते. डेल्टाच्याच रंगात.

डेल्टा व्हिलन आहे का?

इथपर्यंत वाचून तुम्हाला डेल्टाचा राग आला असेल. थांबा, दुसरी बाजूही बघा.

डेल्टाने पैसे दिले नसते तर? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. मुंबईची जेट एअरवेज आठवा. एप्रिल २०१९ मध्ये तिला चालू राहण्यासाठी तातडीने ४०० कोटी रुपये हवे होते. बँकांनी दिले नाहीत. एतिहाद ही अबूधाबीची मोठी कंपनी जेटमध्ये २४ टक्क्यांची भागीदार होती. तिनेही दिले नाहीत. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान जेटचं शेवटचं ठरलं. मामला नंतर जून महिन्यात दिवाळखोरी लवादाकडे गेला. तोवर विमानं जमिनीवर होती, पायलट-क्रू दुसरीकडे नोकऱ्या शोधत होते, विमानतळांवरच्या वेळा इतरांना वाटल्या गेल्या होत्या. सावरायचे प्रयत्न पाच वर्षं चालले. ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने जेट मोडीत काढायचा आदेश दिला. हजारो कर्मचाऱ्यांची थकबाकी तशीच लटकली.

आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातही अशा मधल्या काळातल्या कर्जाची सोय आहे. त्याची परतफेड आधी करायची हेही लिहिलंय. पण विमान कंपनीचं गणित वेगळं आहे. ती एकदा थांबली की तिच्यात उरतं काय? विमानं बहुतेक भाड्याची, माणसं निघून जातात, वेळा वाटल्या जातात. म्हणून पैसा थांबायच्या आधी यावा लागतो. पिनॅकलला तो अर्जाबरोबरच मिळाला. अटी जाचक होत्या, पण विमानं उडत राहिली आणि बऱ्याच नोकऱ्या वाचल्या.

मग प्रश्न कर्ज घ्यावं की नाही हा नाहीच. प्रश्न आहे, कर्ज घ्यायची वेळ येते तेव्हा तुमच्याकडे आणखी किती दारं उघडी आहेत?

याचं उत्तर चार वर्षांनी दुसऱ्या एका कंपनीने दिलं. रिपब्लिक एअरवेज ही अशीच प्रादेशिक कंपनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिलाही डेल्टाने साडेसात कोटी डॉलरचं डीआयपी कर्ज दिलं. गंमत म्हणजे त्याआधी काही महिने याच डेल्टाने रिपब्लिकला ठरलेली उड्डाणं होत नाहीत म्हणून कोर्टात खेचलं होतं. म्हणजे गिऱ्हाईक, फिर्यादी आणि सावकार, तिन्ही एकच! पण रिपब्लिक डेल्टाच्या पोटात गेली नाही. कारण ती अमेरिकन आणि युनायटेडसाठीही उडत होती. एप्रिल २०१७ मध्ये ती बाहेर आली तेव्हा तिन्ही मोठ्या कंपन्यांचे तिच्यात हिस्से होते, पण एकट्या कुणाचीच मालकी नव्हती. रोग तोच, औषधही जवळपास तेच. फरक गिऱ्हाइकांच्या संख्येचा.

आणि आता बफेलोच्या अपघाताचा धागा. त्या ५० जणांच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, कायदा बदलायला लावला. आधी २५० तासांच्या अनुभवावर सहवैमानिक होता यायचं. २०१३ पासून बहुतेकांना १५०० तास लागू लागले. यावर तिथे अजूनही वाद आहे, पण परिणाम झाला. प्रादेशिक कंपन्यांना पायलट मिळेनात. रिपब्लिक बुडायचं एक कारण तेच होतं. आणि एंडेव्हरमध्ये, जिथे आधी पायलटांना पगार सोडा म्हणून सांगितलं होतं, तिथेच पुढे ‘सोडून जाऊ नका’ म्हणून जादा पैसे द्यावे लागले. २०१३ मध्ये जे गप्प बसून सही करत होते, त्यांच्याकडे आता दुसरी दारं होती.

आपण काय घ्यायचं?

तुम्ही विमान कंपनी काढणार नाही, मान्य. पण येत्या दोन-चार वर्षांत यातलं काहीतरी तुमच्यापुढे येणारच आहे. मित्रांबरोबर काढलेल्या स्टार्टअपला एकच मोठी कंपनी सगळं काम देईल. तुम्ही चाकणच्या एखाद्या कारखान्यात लागाल, जो एकाच मोटार कंपनीसाठी एकच पार्ट बनवतो. एखादं अॅप तुम्हाला गाडीसाठी लोनही देईल आणि भाडंही तेच मिळवून देईल. यात लगेच पळून जावं असं काही नाही. मोठं गिऱ्हाईक मिळणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त काही प्रश्न वेळेत विचारा.

पहिला: उद्या हे गिऱ्हाईक गेलं, तर आपण किती महिने टिकू? उत्तर ‘एक’ असेल, तर दुसरं गिऱ्हाईक शोधायची वेळ आज आहे. अडचणीत आल्यावर शोधता येत नाही, पिनॅकलला उलट होतं तेही सोडावं लागलं.

दुसरा: आपला दर ठरलेला आहे, पण आपला खर्चही ठरलेला आहे का? नसेल, तर करारात दरवर्षी दर वाढवण्याचं कलम आहे का?

तिसरा: मदत देणारा आपला कोण लागतो? बँक व्याज बघते. गिऱ्हाईक सावकार झालं, की ते व्याजापेक्षा आपला माल स्वस्त कसा मिळेल ते बघतं. दोघांच्या अटी वेगळ्या असणारच.

आणि नोकरी करणाऱ्यांसाठी चौथा: कंपनीच्या संकटात माझ्याकडून सगळ्यात आधी काय मागितलं जाईल? ते सोडायची वेळ आली, तर बदल्यात लेखी काय मिळेल? पिनॅकलच्या पायलटांनी पगार सोडला, पण मुलाखतीची हमी कागदावर घेतली. नुसत्या ‘आपण एक कुटुंब आहोत’वर सही केली नाही.

पुढच्या वेळी विमानात, कॅबमध्ये, अगदी ऑनलाइन मागवलेल्या पार्सलच्या खोक्यावर मोठं नाव दिसेल. त्याच्या खाली बारीक अक्षरांत दुसरं एक नाव असतं. तेवढं जरा वाचून बघा. काम बहुतेक वेळा तेच करत असतात.

पटकन समजून घ्या

चॅप्टर ११: अमेरिकी कायद्यातली सोय. कंपनी बंद न करता, कोर्टाच्या देखरेखीखाली कर्जाची फेरमांडणी करता येते.

डीआयपी फायनान्सिंग: दिवाळखोरीच्या काळात धंदा चालू ठेवण्यासाठी मिळणारं नवं कर्ज. परतफेडीत त्याचा नंबर वरचा.

क्षमता खरेदी करार: मोठी विमान कंपनी छोटीची विमानफेरी ठरलेल्या दराने विकत घेते. तिकीट विक्री, वेळापत्रक आणि इंधन सहसा मोठीकडे, माणसं आणि देखभाल छोटीकडे.

नवा पैसा: कर्जाच्या जाहीर आकड्यातून जुनं देणं फेडायला गेलेली रक्कम वजा केली, की जे उरतं ते. आधी हाच आकडा शोधा.